हुशकाकांचे पारडे

मित्रांनो, मी एक जुने पितळी पारडे आहे. खरे तर हे वाक्य अर्धेच झाले, कारण पारडे कधी एकटे नसते. दांडीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार आणि मधे काटा, असा आमचा संसार. वजने त्याच्या वाट्याला आली आणि माल माझ्या. म्हणून तो गंभीर झाला आणि मी बोलके.

एका तांबटाने आम्हांला ठोकून ठोकून घडवले. माझ्या पोटावर त्याच्या हातोडीचे ठसे अजून आहेत. जोडीदार किंचित जड निघाला, तेव्हा त्याची कड कानशीने घासली गेली. ते त्याने मला अजून माफ केलेले नाही.

धान्याच्या दुकानात आम्ही चाळीस वर्षे काढली. लोक म्हणत, या दुकानाचा काटा म्हणजे काटा. आमचे मालक रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसत आणि दांडी सरळ झाल्याशिवाय पहिले गिऱ्हाईक घेत नसत. त्यांना एकच व्याधी होती, ती म्हणजे चिमण्या. पोत्यावर एखादी उतरली की त्यांचा उजवा हात वर जाई आणि तोंडातून 'हुश' निघे. तोलताना, बोलताना, एकदा तर खुर्चीत घोरतानाही तो हात वर गेला होता. गल्लीतली मुले त्यांना हुशकाकाच म्हणत.

मालकीणबाई मात्र दुकानाच्या मागच्या दारात बसून सांडलेली कणी पाखरांना टाकत. मालकांना ते कळले त्या दिवशी त्यांनी दाराला कुलूप लावले. तुझ्या पाहुण्यांमुळे पोत्यांना भोके पडतात, एवढेच म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढे आकडे दाखवणारे यंत्र आले आणि मी माळ्यावर गेले. कालांतराने दुकानही दुसऱ्याला दिले गेले. नऊ वर्षे मी धूळ खाल्ली. एवढे धान्य तोललेल्या पारड्याला शेवटी धूळच तोलावी लागली, याचे वाईट वाटे. पण मी पितळेचे आहे. काळे पडते, कुजत नाही.

मग एके दिवशी मालकीणबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी तीन महिने पलंगावर राहायला सांगितले. पलंग खिडकीशी लावला. पहिल्या आठवड्यात त्यांनी वाचायला पुस्तके मागितली, दुसऱ्यात काहीच मागितले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ताट अर्धे परत येई, मग पाऊण. लेकीने समजावले, रागावून पाहिले. एका दुपारी बाई भिंतीलाच सांगावे तसे बोलल्या, "एवढं मोठं अंगण, आणि एक पाखरू येत नाही."

त्याच संध्याकाळी मालक शिडी लावून माळ्यावर चढले.

त्यांनी मला एकट्यालाच खिडकीसमोर हुकाला टांगले आणि कणीने शिगोशीग भरले. चार दिवस गेले. एक दाणा कमी झाला नाही. मालकांची नजर ती, तिला मापात फसवणे शक्यच नव्हते. पाचव्या दिवशी लेक आली आणि मला वाऱ्यावर हेलकावे घेताना पाहून हसत सुटली.

"बाबा, झोक्यावर बसून कोण जेवेल? आणि हे अंगण आहे की दुकानाची फरशी? एक पान नाही, एक किडा नाही, लपायला झुडूप नाही."

"केर दिसला की माझे हात शिवशिवतात."

"मग खिशात घाला ते."

मालकांनी झाडू टांगून ठेवला. कुंपणाच्या झुडपांना कात्री लावणे बंद केले. जोडीदारालाही दांडी-काट्यासकट खाली आणून आम्हां दोघांना पुन्हा दांडीला अडकवले. त्याच्यात बोटभर पाणी आणि बसायला एक चपटा दगड, माझ्यात कणी. खालून सैल दोऱ्या बांधल्या, म्हणजे फार हलायला नको. मालक रोज सकाळी पाणी बदलत आणि काटा मधोमध येईपर्यंत माझ्यात चिमूट-चिमूट कणी घालत.

तीन आठवड्यांनी झुडपे दाट झाली आणि त्यांत चिवचिव सुरू झाली. बाईंनी कूस बदलली. एका सकाळी एक चिमणी माझ्या कडेवर उतरली. अंगणात खुर्चीवर मालक बसले होते. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. त्यांचे मन जागच्या जागी होते, पण हात वर गेला. 'हुश.' सगळा थवा उडाला. खिडकीतून बाईंनी ते पाहिले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

आठ दिवस कोणी फिरकले नाही. बाईंचे ताट जसेच्या तसे परत येऊ लागले. मालकांनी हात खिशात घालून पाहिला, वर्तमानपत्र धरून पाहिले. झाडाचे पान हलले तरी तो सुटून वर जाई. नवव्या सकाळी पलीकडच्या कुंपणावर दोन चिमण्या येऊन बसल्या. तेव्हा मालक चप्पल काढून आत गेले, पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी उजवा हात बाईंपुढे केला. खिडकी उघडी होती, मला सगळे ऐकू आले.

"हा धरून ठेव. माझं ऐकत नाही."

बाई हळूहळू वळल्या. "चाळीस वर्षं मला हेच सांगायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दाराला कुलूप होतं ना."

बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ गेला. मग एक चिमणी आली, माझ्या कडेवर बसली, आणि मी केसभर खाली गेले. आत तो हात बोटभर उचलला गेला आणि तिथेच थांबला.

"किती असेल हो?" बाईंनी कुजबुजत विचारले.

मालकांनी काट्याकडे डोळे बारीक करून पाहिले. "पंचवीस ग्रॅम."

"सव्वीस धरा. आता खाऊन जाईल ना ती."

त्या दुपारी ताट रिकामे परत आले.

आता बाई काठी घेऊन अंगणात येतात आणि पाणी त्याच बदलतात. मालक शेजारी उभे राहतात, उजवा हात त्यांच्या खांद्यावर. बाईंना आधार आहे असे पाहणाऱ्याला वाटते. आधार कोणाला आहे, ते मला माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे भांडे माळ्यावर असेल. ते खाली आणा. पाणी उथळ आणि रोज ताजे ठेवा, एखादे झुडूप वाढू द्या, थोडी पाने पडू द्या. पाखरे लगेच आली नाहीत तर रुसू नका. त्यांनाही आपल्या हाताची खात्री पटावी लागते. मी पोतीच्या पोती धान्य तोलले आणि कधी कुणापुढे उगाच वाकले नाही. त्या सव्वीस ग्रॅमांपुढे मात्र रोज वाकते, आणि फार अभिमानाने वाकते.