मॅडम आल्यात

द्वारकाबाईंनी सातवीतल्या एका मुलीची बोटं उलटसुलट करून पाहिली, नखांत माती सापडली म्हणून हातावर पट्टी टेकवली, आणि तेवढ्यात पलीकडच्या वर्गातून पुन्हा हसण्याचा आवाज आला. पट्टी जरा जोरात बसली. मुलीनं हात मागं घेतला. नखांच्या मानानं मार जास्त झाला, हे बाईंनाही कळलं.

शनिवारी शेवटच्या तासाला मुलगे मैदानावर कवायतीला जात आणि मोठ्या मुली बेबीनंदा मॅडमच्या आरोग्याच्या तासाला बसत. दार लावून घेऊन त्या काय शिकवीत देव जाणे, पण तास संपला तरी एकही मुलगी उठत नसे. घनसावंगीच्या या शाळेत आरोग्य म्हणजे द्वारकाबाई, असं आजवर होतं. घराघरांत पाणी गाळून प्यायला लावलं त्यांनी. मिश्री लावणाऱ्या पोरींची मिश्री सोडवली त्यांनी. एक धडा तेवढा त्या ‘घरी वाचून घ्या’ म्हणत पान उलटत, आणि मुलीही खाली मान घालून पान उलटत. नेमका तोच धडा शिकवायला जालन्याहून ही कालची पोर येते, आणि शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना बाई म्हणणाऱ्या मुली हिला एकटीलाच मॅडम म्हणतात. बाईंना हेवा वाटे. त्याला त्यांनी दुसरी नावंही देऊन पाहिली. शिस्त म्हटलं, मुलींची काळजी म्हटलं. पण पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं.

तशात एक दिवस नळावरचं बोलणं त्यांच्या कानी पडलं. दहावीतली एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, काल आपल्याकडं मॅडम आल्या, आता चार दिवस मुक्काम. दुसरी म्हणाली, “तुझं बरंय. माझ्याकडं तर पंधरा दिवसांतच परत आल्त्या.”

भिंतीआड उभ्या असलेल्या द्वारकाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मुक्काम! म्हणजे ही बया मुलींच्या घरी जाऊन राहते, त्यांच्या आयांच्या हातच्या गरम भाकरी खाते. आपल्याला मात्र इतक्या वर्षांत संक्रांतीचं वाण सोडलं तर कुणी उंबऱ्याच्या आत बोलावलं नाही. त्यांनी तडक हेडमास्तर रामरावांकडे गाऱ्हाणं नेलं. हेडमास्तर गोंधळले. मॅडम रोज संध्याकाळच्या जालना गाडीनं परत जातात, मी डोळ्यांनी बघतो, असं म्हणाले. हेही तिच्याच बाजूचे निघाले, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद मागायची कुणाकडे?

थंडीत चाचणी परीक्षा सुरू झाली. मॅडम प्रशिक्षणासाठी जालन्यालाच होत्या, आणि नववीच्या वर्गावर द्वारकाबाई होत्या. घंटा झाली, पेपर गोळा झाले, वर्ग रिकामा झाला. मागच्या बाकावरची अयोध्या तेवढी उठेना. रायभान मेंढपाळाची ही मुलगी एरवी घंटेच्या आधी दाराबाहेर असायची.

“ऊठ की गं. काय झालं?”

“बाई, मॅडम आल्यात.”

“कुठून येतील? त्या जालन्याला गेल्यात,” बाई तुटकपणे म्हणाल्या.

“तशा न्हाई, बाई.” पोरीचा आवाज रडवेला झाला. “माझ्याकडं आल्यात. पेपर लिहून राह्यले व्हते, तवाच.”

तिनं दप्तर मागं घट्ट धरलं होतं. बाईंनी ते हळूच बाजूला केलं. निळ्या स्कर्टवर डाग पडला होता.

नळावरचं बोलणं बाईंना शब्दन्‌शब्द आठवलं. चार दिवस मुक्काम. पंधरा दिवसांत परत. पाळीचं नाव घ्यायची लाज, म्हणून ती जिनं समजावून सांगितली तिचंच नाव पोरींनी पाळीला देऊन टाकलं होतं. बाईंना हसू आलं, आणि हसू ओसरायच्या आत पोटात पहिल्यापेक्षा जोरात दुखलं. आपल्यासमोर एवढंसं बोलायलाही या पोरीला शब्द तिचाच घ्यावा लागला.

त्यांनी अंगावरची शाल अयोध्येच्या कमरेला गुंडाळली आणि तिला शाळेमागच्या आपल्या खोलीवर नेलं. जुनं सुती पातळ फाडून घड्या करून दिल्या, मोरीत ऊन पाणी ठेवलं. पोर बाहेर आली तेव्हा चहा झाला होता. बशीत फुंकर घालत तिनं अर्धा चहा संपवला. मग धीर आल्यासारखी म्हणाली,

“बाई, तुमच्याकडं बी येत्यात का मॅडम?”

इतक्या वर्षांत आरोग्याच्या विषयावर द्वारकाबाईंना कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. ‘गप बस’ असं अगदी ओठांवर आलं होतं.

“यायच्या,” बाई म्हणाल्या. “आता वय झालं माझं. येणं बंद झालं त्यांचं.”

“मंग याद येत न्हाई?”

“मॅडमची?” बाईंनी नाक मुरडलं. “बिलकुल न्हाई.”

पोर खुदकन हसली. बाईंनी पातेल्यातला उरलासुरला चहा तिच्या बशीत ओतला आणि पाट ओढून समोर बसल्या.

“आणखी काय विचारायचंय? विचार.”