‘असो’च्या अलीकडे

धाकट्या सुनेचा धंदाच कापाकापीचा. बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका संस्थेसाठी ती घरी बसून आवाजावर काम करायची. वाचणाऱ्याचे खोकले काढायचे, अडखळलेलं वाक्य बेमालूम जोडायचं. त्यामुळे सासूबाईंच्या सत्तरीला त्यांच्याच आवाजातल्या आठवणी सगळ्यांना ऐकवायचं ठरलं, तेव्हा ते काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं.

ध्वनिमुद्रण झकास झालं. सासूबाई मोकळेपणाने बोलल्या. फक्त एका ठिकाणी नणंदेने कान टवकारले.

“आयुष्य गॅसपुढे गेलं,” सासूबाई म्हणत होत्या. “पण खरं सांगू? मला स्वयंपाक कधी आवडलाच नाही. असो.”

“हे काढ बाई,” नणंद म्हणाली. “चारचौघांत कसं दिसेल? आम्ही आईच्या हातच्या जेवणाचं जन्मभर कौतुक केलंय.”

“ताई, आईंना विचारू या का?”

“तिला काय विचारायचं? ती बोलून विसरलीसुद्धा असेल.”

नणंद गेल्यावर धाकटीने ती जागा पडद्यावर मोठी करून पाहिली. त्या बोलण्याच्या आधी शांतता होती, नंतरही होती. तिने माउस ओढून मधला भाग निवडला, कळ दाबली आणि ऐकलं. गॅसवरून गाडी सरळ मुलांच्या शाळेवर गेली. कुठे खट्ट नाही की सांधा नाही. एरवी असं काम जमलं की ती स्वतःवरच खूश व्हायची. आज मात्र तिला कसंसंच झालं. तिने कापलेलं परत जागेवर आणलं आणि सासूबाईंना हाक मारली.

सासूबाई हेडफोन लावून बसल्या. स्वतःचं बोलणं ऐकता ऐकता त्या पडद्यावरच्या लाटांकडे टक लावून बघत होत्या.

“ही जाड लाट म्हणजे मी?”

“हो. आणि हा बारीक केस दिसतोय ना, तो तुमचा श्वास.”

“अगं बाई! श्वासही दिसतो?” त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. धाकटीने नणंदेचं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगितलं.

“ते वाक्य राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “काढायचंच तर ‘असो’ काढ. जन्मभर प्रत्येक गोष्टीपुढे तेच लावत आले.”

आता खरी पंचाईत झाली. सासूबाई ‘नाहीअसो’ असं एका दमात बोलून गेल्या होत्या. ‘ही’ कुठे संपतो आणि ‘अ’ कुठे सुरू होतो, याचा पत्ता लागेना. थोडं अलीकडे कापलं की ‘नाही’चा शेपटा तुटायचा, थोडं पलीकडे गेलं की ‘अ’ची कुजबुज उरायची. शिवाय लाट मधल्या रेषेवर येते तिथेच कापायचं, नाहीतर टक् असा आवाज येतो. धाकटी निवड केसभर सरकवायची आणि पुन्हा ऐकवायची.

“अजून एक लाट मागे,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. “तिथे माझा आवाज खाली बसतोय.”

धाकटीने ऐकलं. बरोबर होतं. तिने तिथे कापलं आणि ‘असो’च्या जागी ध्वनिमुद्रण झालं त्याच खोलीतली थोडी शांतता भरली. ‘नाही’ आता पूर्ण ऐकू येत होतं आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

सत्तरीच्या दिवशी ते वाक्य आलं तेव्हा धाकटीचा नवरा खाली मान घालून बसला. नणंदेने आधी भावजयीकडे जळजळीत पाहिलं, मग आईकडे.

“मग इतकी वर्षं केलास कशाला?”

“तुम्हाला भूक लागायची,” सासूबाई म्हणाल्या, “आणि दुसरं कोणी उठायचं नाही.”

कोणीतरी खुदकन हसलं. नणंद हसली नाही. धाकटीने ध्वनिफीत थांबवली. पाहुणे पांगले तरी नणंद पर्स मांडीवर घेऊन तशीच बसून होती. शेवटी ती उठून आईजवळ आली.

“आई, तुला मग आवडायचं तरी काय?”

सासूबाईंनी बाजूची खुर्ची ओढली. “बस,” त्या म्हणाल्या, “सांगायला वेळ लागेल.”