खर्च कंपनी करेल

रंगाच्या कारखान्यात त्याला सगळे दाजी म्हणत. मालक त्याचा मेहुणा, आणि मालकच त्याला दाजी म्हणायचा, मग बाकीच्यांनी तेच उचललं. बहिणीच्या नवऱ्याला नुसता इंजिनीअर कसा ठेवायचा, म्हणून मेहुण्याने त्याला संचालक केलं. खुर्ची मोठी झाली, हुकूम मात्र पहिल्यासारखा मेहुण्याचाच चालायचा.

एकदा एक ऑर्डर अडली. रंगाची टाकी आतून घासायची होती आणि आतली विषारी वाफ घालवायला हवा सोडणारा पंखा बिघडलेला. दाजीने मेहुण्याला फोन केला. पंख्याची वाट बघत बसलो तर गिऱ्हाईक हातचं जाईल, एवढंच मेहुणा म्हणाला. दाजीने फोरमनला उतरायला सांगितलं. फोरमनने एकदा बंद पंख्याकडे बघितलं, मग शिडीवर पाय टाकला. वर आला तो दोराने ओढलेला, मेलेला.

खटला दोघांवर झाला. मेहुणा घरी आला, बहिणीच्या हातचा चहा प्यायला आणि म्हणाला, काळजीचं कारण नाही, कामापायी संचालकावर खटला झाला तर वकिलाचा खर्च कंपनी करेल, तसा ठरावच आहे. बायकोचा जीव भांड्यात पडला.

वकिलाने अट नीट समजावली. सुटलात तर सगळा भार कंपनीचा. दोषी ठरलात किंवा आपण होऊन कबूल केलंत, तर झालेला खर्च तुमच्याकडून वसूल. मग त्याने बचाव सांगितला: फोरमन कुणाला न विचारता उतरला.

"पण मी सांगितलं म्हणून उतरला तो," दाजी म्हणाला.

वकिलाने पेनाला टोपण लावलं. "हे मी ऐकलं नाही."

घरी बायकोने समजूत घातली. गेलेला माणूस काही परत येत नाही. खरं बोलून राहतं घर घालवायचं आणि माझ्या भावालाही बुडवायचं, हा कुठला शहाणपणा? तारखांमागून तारखा पडल्या, दाजी तोंड शिवल्यासारखा बसून राहिला. फोरमनची बायको मागच्या बाकावर असायची. वकिलाच्या बोलण्यातला फोरमन आधी निष्काळजी होता, पुढे उद्धट झाला, मग दारुडा, तसं पेपरातही छापून आलं, आणि एके दिवशी वकिलाने तिला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, नवरा रोज किती प्यायचा?

ती म्हणाली, शिवायचेसुद्धा नाहीत. वकील नुसता हसला.

दाजी उठून उभा राहिला. त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"तो पीत नव्हता. मीच उतरवलं त्याला. पंखा बंद आहे हे मला माहीत होतं, आणि फोनवर मालकालाही सांगितलं होतं."

मेहुण्याने शपथेवर सांगितलं, तो फोन बहिणीच्या तब्येतीचा होता. फोनवरचं बोलणं ऐकलेलं तिसरं कोणी नव्हतं. मेहुणा सुटला आणि त्याचा सगळा खर्च ठरावाप्रमाणे कंपनीने केला. दाजीला शिक्षा झाली.

बाहेरच्या व्हरांड्यात पोलीस कागद करत होते, तेवढ्यात तो फोरमनच्या बायकोसमोर गेला. तिने बरं काही बोलावं, अशी वेडी आशा त्याला होती.

"पहिल्याच दिवशी बोलला असतात," ती म्हणाली, "तर माझ्या पोरांना शाळेत दारुड्याची पोरं म्हणवून घ्यावं लागलं नसतं." आणि पदर सावरून ती जिना उतरून गेली.

कंपनीने वसुली लावली. घर विकून बायको तुरुंगात भेटायला आली, तेव्हा जाळीपलीकडे खाली मान घालून बसली. म्हणाली, "दादा म्हणाला, नियम म्हणजे नियम. घरचा माणूस म्हणून सोडलं तर लोक नावं ठेवतील."

"तू राहतेस कुठे?"

"दादाकडेच," ती म्हणाली. "दुसरं कोण आहे मला?"