फक्त ताजी आवृत्ती

प्रोफेसर अरिस्तिदेस यांच्या टापटिपीचं आमच्या गावात एवढं कौतुक व्हायचं, की मला त्याचा वीट आला होता. शनिवारी माझ्या घरी भरणी असते. लोक आपापल्या डिस्क घेऊन येतात आणि हवानाहून बसने आलेल्या मालिका, सिनेमे, गाणी भरून नेतात. इंटरनेट म्हणायला आहे. पण एक पान उघडेपर्यंत भात शिजून होतो आणि पैसे जातात ते वेगळेच. या सगळ्या पसाऱ्यात 'वाचनालय' नावाचं एक फोल्डर असतं, ते प्रोफेसरांचं. मुक्त सॉफ्टवेअरची मॅन्युअलं ते परदेशातून येणाऱ्या कुणाकुणाच्या नातेवाइकांकडून मागवत, विषयवार लावत, वर अनुक्रमणिका जोडत. नवी आवृत्ती आली की जुनी पुसून टाकत. "एका घरात दोन सासवा नकोत," असं त्यांचं म्हणणं. लोक हसत आणि मुकाट्याने भरून नेत. शाळा, साखर कारखाना, इस्पितळ, सगळ्यांचा तोच एक गुरू.

माझा भाऊ रेइनिएर दिवसाआड इस्पितळात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचा. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. माझं त्याला चालत नव्हतं, आईचंही नाही. एखाद्या मेलेल्या माणसाचं मिळालं तरच काही आशा होती. कुणाचं कुणाला चालेल हे ठरवणाऱ्या चाचण्या त्याच्या झाल्या होत्या आणि त्यांचे निकाल इस्पितळाच्या संगणकात होते. त्या चाचण्यांचं द्रावण बाहेरून येतं. म्हणजे यायचं. गेल्या वर्षापासून आलेलं नाही.

त्या संगणकात दोन डिस्क होत्या. एकीत जे, तेच दुसरीत. त्यातली एक मेली. तिच्या जागी नवी मिळायला महिने गेले. मिळाली तेव्हा यास्मानीने, म्हणजे तिथल्या संगणकवाल्या पोराने, भरलेल्या डिस्कची नक्कल कोऱ्या डिस्कवर करायला घेतली. माहीत नसताना हात घालणारा तो नव्हे. त्याने वाचनालय उघडलं, मॅन्युअल काढलं आणि शब्दन् शब्द पाळला. मॅन्युअल ताज्या आवृत्तीचं होतं. त्यात आधी भरलेल्या डिस्कचं नाव द्यायचं आणि मग कोरीचं. इस्पितळातला प्रोग्राम मात्र कैक वर्षांपूर्वीचा, त्याला उलटा क्रम कळतो. यास्मानीने कोरी डिस्क भरलेलीवर ओतली आणि रेइनिएरच्या निकालांसकट सगळं पुसलं गेलं. वीज जायच्या आत उरकावं म्हणून तो घाई करत होता, आणि त्या दिवशी नेमकी वीज गेली नाही.

तिसरी प्रत असायला हवी होती, हे मलाही कळतं. पण दुसरी मिळवताना नाकी नऊ आले, तिथे तिसरी कुठून आणणार? कागदावरही काही नव्हतं. छपाईयंत्रातली शाई कधीच संपली होती.

यास्मानी स्वतः घरी सांगायला आला. दारातच उभा राहिला, कॉफी घेतली नाही. त्याच्यावर मला ओरडता आलं नाही. मी चपला घातल्या आणि तडक प्रोफेसरांच्या घरी गेले.

ते टेबलापाशी बसले होते. समोर मुलाने माद्रिदहून पाठवलेला चकचकीत लॅपटॉप होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

"जुनं ठेवलं की लोक चुकीचं वाचतात, इदालमिस. म्हणून मी काढत होतो."

"तुमचा संगणक माद्रिदहून येतो, प्रोफेसर. आमचे मेलेल्या संगणकांचे तुकडे जोडून होतात. नवी आवृत्ती त्यांना पेलतच नाही. तुम्ही ही पुस्तकं लावत होतात ती कुणासाठी?"

चाळीस वर्षं पोरांना प्रश्न विचारणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी खाली बघितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढे ते हात धुऊन जुन्या आवृत्त्यांच्या मागे लागले. गावोगावी निरोप धाडले, लोकांच्या माळ्यांवरच्या डिस्क मागवल्या, ज्या मिळाल्या त्या साल लिहून लावल्या. वाचनालय चौपटीने वाढलं. मीच ते लोकांना भरून देत होते, दात-ओठ खात. दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ कुठे तरी यंत्रावर असणार, एवढाच विचार करून.

रेइनिएरला माझा राग पसंत नव्हता. तो म्हणायचा, "त्यांना बोलू नकोस, ताई. त्यांनी निदान पुस्तकं तरी लावली. बाकीच्यांनी काय लावलं? रांगा." हसताना त्याला धाप लागायची.

मग त्रिनिदाद गावाकडच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात एक तरुण गेला. घरच्यांनी मूत्रपिंड द्यायला होकार दिला. रक्तगट रेइनिएरचाच होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं, पण आत नेलं नाही, व्हरांड्यातच सांगितलं. रक्तगट जुळून भागत नाही. चाचणीचा निकाल हातात नाही, नवी करायला द्रावण नाही, आणि मूत्रपिंड काही आपल्यासाठी थांबत नाही. आपल्याकडे रांगेत असलेल्या सगळ्यांची हीच गत. ज्यांचे निकाल शाबूत आहेत त्यांच्याकडे, हवानाला, ते पाठवलं.

रेइनिएरने विचारलं, कुणाला मिळालं.

"पिनार देल रिओची एक मुलगी आहे. शाळेत जाते."

"चांगलं झालं," तो म्हणाला. नंतर बाकावर तो भिंतीकडे तोंड करून बसला, आणि माझ्या हातातला हात त्याने काढून घेतला.

पावसाळा संपायच्या आत तो गेला. दफनाला प्रोफेसर आले होते, लांब उभे राहिले. लोक मला सांगतात, निदान एक पोर तरी वाचलं. खरं आहे ते. पण मला चांगलं वाटलं नाही. त्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नाही, आणि आजही मला ते मूत्रपिंड तिच्याकडून परत हवं आहे.