तीन तास दहा मिनिटं

ताईचा राग काही आजचा नव्हता. धाकटा भाऊ परदेशी गेला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षं फोनवर त्याचं एकच पालुपद. "अगं, तीन तास दहा मिनिटांचं तर विमान. दोन हजार किलोमीटर म्हणजे काय लांब आहे का? बोलावलंस की आलोच." मेला एकदाही आला नाही, ते सोडा.

बाबांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी फार तर महिना म्हटलं, तेव्हापासून बाबा रोज सकाळी दाढी करून बसायचे आणि तो आज येतोय का, एवढंच विचारायचे. ताईने फोन लावला. भाऊ म्हणाला, "अगदीच कठीण झालं की सांग. तीन तासांचा तर प्रश्न आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. गाडी किती तासांत पोचते, हे ती कुणाला सांगतच नसे. घरातून निघाल्यापासून तिकडच्या दारात पाय ठेवेपर्यंत किती, ते सांगायची. त्याच सवयीने तिने भावाचा प्रवास मांडला. साहेबाचा होकार, तिकीट, विमानतळावर तीन तास आधी, तपासणीची रांग, सामानाची वाट, पुढे साडेचार तासांची बस. म्हणजे अख्खा दिवस, आणि तोही या शहाण्याने बूड हलवलं तर. कठीण झाल्यावर निघून त्याला बापाचं तोंडसुद्धा दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन करून सरळ सांगून टाकलं, "बाबा गेले. तुझ्यासाठी थांबलोय."

एकवीस तासांनी भाऊ दारात उभा राहिला. डोळे रडून सुजलेले, शर्ट चुरगळलेला. समोर बाबा नुकतीच दाढी करून चहा पीत होते.

तो आधी बाबांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडला आणि मग ताईवर उखडला. "लाज नाही वाटली? जित्याजागत्या बापाला मारलंस?"

"मी एक दिवस मारलं. तुझ्या लेखी ते सहा वर्षं नव्हतेच."

"अगं, पण काय करून बसलीस, कळतंय का तुला? वडील गेले की कंपनी सात दिवसांची रजा देते. एकदाच देते. ती मी घेऊन बसलोय. आता खरंच काही झालं तर कुठल्या तोंडाने मागू?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. आता याला धक्के मारून बाहेर काढावं, असंच ताईच्या मनात आलं.

बाबांनी कप खाली ठेवला. "सात दिवस मिळालेत ना?"

"हो."

"मग बूट काढ आणि बस इथे. मी गेल्यावर नाही आलास तरी चालेल."