झिपरूच्या लोट्यातलं पाणी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी सतरंजी आहे, आणि तीही तुरुंगात विणलेली. माझ्या निळ्या पट्ट्यांवर मोठमोठी माणसं बसून गेली. त्यांतली बरीचशी बसायच्याही लायकीची नव्हती. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. पायदळीच राहायचं, तर भीड कसली?

तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. तापीकडच्या एका तुरुंगात कैद्यांसाठी विणकामाचे माग लावले होते. सतरंजीच्या मागावर दोन माणसं शेजारी बसतात. एकाने दोरा पुढे केला की दुसऱ्याने तो धरायचा, आणि मग दोघांनी दातेरी पंजा मारून तो घट्ट बसवायचा. शेजाऱ्याशी अबोला धरला तर वीतभरही काम सरकत नाही. माझ्या मागावर बसवली होती एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन माणसं.

एक झिपरू, सातपुड्याच्या डोंगरातला. दुसरा गिरधर, तापीकाठच्या बागायतदाराचा लाडावलेला मुलगा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिरधरच्या घोडीसाठी भरलेल्या कुंडीतून झिपरू ओंजळभर पाणी प्याला. घोडी प्याली तर चालतं, माणूस प्याला तर कुंडी बाटते! गिरधरने चाबूक ओढला, झिपरूने त्याचा हात मोडला, आणि दोघंही आत आले.

सुरुवातीला माझी वीण वाकडीतिकडी झाली. अजूनही माझा एक काठ तिरपा आहे, तो त्या दिवसांचा. पण मागावर मिजास चालत नाही. गिरधरचा मोडलेला हात दुखायला लागला की झिपरू गुपचूप त्याच्या वाटणीचा पंजा मारायचा. दोघं बोलायला लागले. झिपरू आपल्या आईच्या, दिवलीबाईच्या गोष्टी सांगायचा. ती डोंगरात एकटी होती आणि तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. होळीच्या आत घरी जायचं, एवढाच त्याचा ध्यास होता.

एके दिवशी झिपरूने आपला पाण्याचा लोटा उचलला, दोन थेंब जमिनीवर सांडले, स्वतः घोट घेतला आणि लोटा गिरधरपुढे धरला. त्याच्या डोंगरात भांडण असंच मिटतं. एकदा मिटलं की ते तोंडातून काढायचं नाही. जो काढील त्याने ते उकरलं, आणि पुन्हा मिटवायचं तेही त्यानेच. गिरधरने आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग तो त्याच लोट्याला तोंड लावून प्याला. मला तेव्हा फार बरं वाटलं. किती भोळी होते मी!

मग आले शांतीलालशेठ. कैद्यांना सुधारण्यासाठी त्यांनी मंडळ काढलं होतं. तोवर मी विणून पुरी झाले होते. दर रविवारी मला अंगणात अंथरायचे, कैद्यांना गोल बसवायचे, आणि शेठ मधोमध खुर्ची टाकून बसायचे. सुधारणा करायची, पण धोतराला धूळ लागता कामा नये. प्रत्येकाने सगळ्यांपुढे आपला गुन्हा सांगायचा आणि रडायचं. जो चांगला रडेल त्याची शिफारस साहेबाकडे जायची आणि तो लवकर सुटायचा. कैदी काय मूर्ख होते? महिन्याभरात सगळे असे रडायला शिकले की मी ओलीचिंब व्हायचे. शेठ मात्र खूश!

होळीच्या आधीच्या रविवारी झिपरूची पाळी आली. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "ते मिटनं, दादा."

शेठनी पुन्हा विचारलं, दरडावलं, समजावलं. झिपरू गप्प. सांगणं म्हणजेच उकरणं, हे शेठना कोण सांगणार? सांगू शकत होता तो एकच माणूस, आणि तो शेजारीच बसला होता. "हो, मिटलं, आम्ही एका लोट्यातलं पाणी प्यालो," एवढंच बोलायचं होतं. पण मंडळात गिरधरच्या गावची दोन माणसं होती. गिरधरने त्यांच्याकडे पाहिलं आणि गळा काढला. घोडी, कुंडी, मोडलेला हात, सगळं त्याने तिखटमीठ लावून सांगितलं. लोटा तेवढा वगळला.

गिरधरची शिफारस झाली. झिपरूला पश्चात्ताप नाही, असं ठरलं.

गिरधर सुटला त्या दिवशी मला फाटकाशेजारच्या भिंतीवर उन्हात टाकलं होतं. होळीच्या आत लेक सुटेल या आशेने फाटकाबाहेर दिवलीबाई त्याला न्यायला येऊन बसली होती. गिरधर बाहेर आला तेव्हा पायांच्या आवाजाने तिने झिपरू म्हणून हाक मारली. तो थांबलासुद्धा नाही. म्हातारी अंधार पडेपर्यंत तिथेच बसून होती.

पुढे मंडळाने मला आपल्या सभागृहासाठी नेलं. तिथे गिरधर सुधारलेला कैदी म्हणून भाषणं ठोकायचा. लोक टाळ्या वाजवायचे. त्याची टाच माझ्या तिरप्या काठावर असायची, आणि तो काठ का तिरपा आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. निर्लज्ज!

अशाच एका सभेत झिपरू आला. शिक्षा पुरी भोगून सुटला होता. हातात पाण्याने भरलेला लोटा. तो सरळ गिरधरसमोर बसला, दोन थेंब सांडले, घोट घेतला आणि लोटा माझ्यावर ठेवला.

"मिटनं व्हतं. तू उकरी काढं," तो शांतपणे म्हणाला. "आते तूच मिटाड."

गिरधरचा हात लोट्याकडे गेला, खरंच गेला. मग त्याने सभेकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"मन्हासाठी येगळा पेला लई ये," तो नोकराला म्हणाला.

झिपरूने वाट पाहिली नाही. त्याने लोटा उपडा केला, सगळं पाणी माझ्यावर ओतलं आणि निघून गेला. शांतीलालशेठ धोतर सावरत म्हणाले की बघा, हा माणूस अजून सुधारला नाही. आणि सभेने माना डोलावल्या.

मित्रांनो, आता मी विरले आहे. मला झटका, उन्हात घाला, कसरीपासून जपा. एवढं तुम्ही कराल. पण माझ्यावर बसून कुणाला सुधारायला निघालात, तर आधी त्याच्या लोट्यातलं पाणी पिऊन या. ते जमत नसेल तर तुमचं बूड माझ्यावर टेकू नका. खाली फरशी आहे.