वाणी वाटणारे महाराज

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिना भरला, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढली. जवळपास प्रत्येकाच्या मांडीवर एखादं तोतरं, बोबडं नाहीतर मुकं पोर. मंचावर मौनी महाराज डोळे मिटून बसलेले. आपली सगळी वाणी मुलांना वाटून टाकली, म्हणून म्हणे ते स्वतः बारा वर्षं बोलले नव्हते. त्यांच्या वतीने बोलायला एक शिष्य ठेवला होता आणि तो मात्र बारा वर्षांची थकबाकी एकटाच फेडत होता.

तिसऱ्या रांगेतल्या मामाने त्याचं नाव मनातल्या मनात भोंगा ठेवून टाकलं. मामाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दिवसभर लोकांच्या तोंडात खोटे दात बसवणारा माणूस, सहजासहजी कशावर विश्वास ठेवणार? पण बहीण आणि मेहुणा हट्टाला पेटले होते, म्हणून भाचीसाठी तोही आला.

भाची टिकली पाच वर्षांची. जन्मतःच ओठ फाटलेला, टाळूला भोक. ओठ तान्हेपणी शिवला, टाळू राहून गेली. बोलायला लागली की तोंडातली हवा नाकावाटे सटकायची. ‘म’ आणि ‘न’ तेवढे धड, बाकी सगळं गुणगुणणं. ‘बाबा’ म्हणायला जायची आणि ‘मामा’ निघायचं. घरात सगळे हसायचे. तिचा बापही हसायचा आणि मग काहीतरी काम काढून बाहेर जायचा.

मंगळवारी तिची शस्त्रक्रिया ठरली होती. आठ महिने थांबून मिळालेली तारीख. सर्जनबाईंनी बजावलं होतं की आधीच उशीर झालाय, जिभेला भलत्या सवयी लागल्यात, आता चुकवू नका. पण सुरीचं नाव काढलं की बाप विषयच बदलायचा.

टिकलीचं नाव पुकारलं गेलं. महाराजांनी चांदीच्या डबीतून सुपारीएवढी गोळी काढली, दिव्याच्या ज्योतीवर किंचित धरली, बोटांनी चपटी केली आणि पोरीच्या तोंडात घालून अंगठा वर फिरवला. भोंगा गर्जत होता, की ब्रह्मांडाचा नाद आता या बालिकेच्या मस्तकात उतरतो आहे, कुणी खोकू नये, नाहीतर नाद फुटेल. बिचाऱ्या एका आजोबांनी खोकला दाबून दाबून डोळे पांढरे केले.

मग टिकलीने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाबा.”

लख्ख, ठणठणीत ‘बाबा’. बाप लहान मुलासारखा रडायला लागला. बहीण रडली. खरं सांगायचं तर मामाचेही हात टाळीसाठी वर आले. क्षणभर त्याला वाटलं, आपलीच नजर वाकडी.

पण भोंग्याने लगेच नियम सांगितले. गरम काही प्यायचं नाही. पोरीच्या तोंडात कुणी डोकावायचं नाही. दर आठवड्याला नाद भरून घ्यायला यायचं. आणि ज्या देहाला सुरी लागेल, त्यातली वाणी कायमची जाईल. बापाने डोळे पुसत सांगून टाकलं, “मंगळवारचं रद्द.”

मामाचे हात तिथल्या तिथे खाली आले. ज्योतीवर मऊ करायचं, चपटं करायचं, ओल्या अंगठ्याने टाळूवर दाबून बसवायचं, हे काम तो वीस वर्षं करत होता. ब्रह्मांडाचा नाद आणि कवळीचं मेण, दोघांनाही गरम कसं काय चालत नाही?

तो हात जोडत मंचावर चढला. भोंग्याचा घसा शेकायला वाफाळत्या पाण्याचा पेला ठेवलेला होता. मामाने तो उचलला आणि टिकलीला तहान लागली असेल म्हणत तिच्याकडे वळला. ओठांपर्यंत नेणार नव्हताच तो, पण ते महाराजांना काय ठाऊक?

“गरम नको! सुटून घशात जाईल!”

बारा वर्षांचं मौन सुटलं. भोंग्याला मात्र पहिल्यांदाच शब्द सुचेना.

मामाने टिकलीला पुढे वाकवलं आणि बोटाने अलगद ती चकती ओढून काढली. गुलाबी, पातळ. पेल्यात टाकली तशी ती वितळत पसरली. “माझ्या दुकानात हे डब्याने येतं,” तो लोकांना म्हणाला. “भोक बुजलं म्हणून हवा कोंडली, हवा कोंडली म्हणून अक्षर उमटलं. झोपेत सुटलं असतं तर श्वासनळीत गेलं असतं.”

टिकलीने पुन्हा बापाला हाक मारली. “मामा.”

बहीण पुढे आली. मामाला वाटलं, ती महाराजांवर धावून जाणार. ती त्याच्यासमोर येऊन थांबली. “दादा, दोन दिवस तरी ऐकू द्यायचं होतंस आम्हाला.”

मामा एवढंच म्हणाला, “मंगळवारी मी येतो बरोबर.”

मंगळवारी टाळू शिवली. चमत्कार काही झाला नाही. महिनाभर पातळ खाणं, पुढे सात महिने वाचा शिकवणाऱ्या बाईंकडे फेऱ्या. नाकाखाली आरसा धरायचा, ‘पा पा’ म्हणायचं, नाकावाटे हवा सुटून आरसा धुरकटला की पुन्हा. टिकली कंटाळायची, रुसायची, आरसा उलटा धरायची. बाप रोज तिच्यासमोर मांडी घालून बसायचा, स्वतःही ‘पा पा’ म्हणायचा.

एका सकाळी तिने गरम दूध गटागटा संपवलं, पांढऱ्या मिशा तशाच ठेवून बापाकडे बघितलं. “बाबा, अजून.”

बाप हसला नाही, रडलाही नाही. एकदा पोळलेला माणूस तो. टिकलीला खिडकीशी नेलं आणि म्हणाला, “आ कर.” तिने भलामोठा आ केला. आत गुलाबी काही चिकटवलेलं नव्हतं. टाळूच्या मधोमध टाक्यांची एक बारीक रेघ होती. त्याने मामाला बोलावून दाखवली, मग बायकोला, मग शेजाऱ्यांना. टिकली तोंड उघडून उघडून दमली.

महाराज हल्ली दुसऱ्या गावी मौन पाळतात असं ऐकलं. तुमच्या गावी आले तर एवढंच करा, पोराला उजेडात न्या आणि ‘आ’ करायला सांगा. खरा इलाज बघू देतो. जो बघू देत नाही, त्याच्या हाती पोर देऊ नका.